बॉम्बे टॉकीज (२०१३): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सिनेमा बघ असं कुणालाही सांगितलं की उलट तेच ते प्रश्न येतात, त्यामुळे म्हटलं एकदाच सगळं टाइप करून ठेवावं. स्पॉयलर जिथे आहेत तिथे आधी सांगितलंय, ज्यांनी बघितला नाही त्यांनी ते दोन प्रश्न सोडून पुढे जा.

हा नक्की कुठला सिनेमा? बॉम्बे टॉकीज नावाचा तर जुना स्टुडिओ होता ना?

होता. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला काढलेला. ‘अछूत कन्या’, ‘किस्मत’ तिथलेच, अशोक कुमार तिथलाच, आणि दिलीप कुमारचा पहिला सिनेमाही तिथलाच (१९४४ चा ‘ज्वार भाटा’). पन्नाशीच्या दशकात तो बंद पडला. आपण इथे बोलतोय तो २०१३ चा हिंदी सिनेमा, ज्यात चार दिग्दर्शकांच्या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत: करण जोहर, दिबाकर बॅनर्जी, झोया अख्तर आणि अनुराग कश्यप, याच क्रमाने. नाव फक्त त्या स्टुडिओची आठवण म्हणून घेतलंय, गोष्टींचा आणि स्टुडिओचा थेट संबंध नाही. शशी कपूरचा एक ‘बॉम्बे टॉकी’ पण आहे १९७० चा, तो वेगळा, सर्च करताना तो मध्येच येतो, घाबरू नका.

३ मे लाच का रिलीज केला?

कारण ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला होता, तो दिवस भारतीय सिनेमाचा वाढदिवस धरतात, आणि ३ मे २०१३ ला त्याला शंभर वर्षं झाली, योगायोगाने शुक्रवारही होता त्यामुळे निर्मात्यांना कॅलेंडरनेच साथ दिली. (दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला, म्हणजे वर्षभर आधीच लागला होता हे आपल्याकडे कुणी ना कुणी लगेच सांगतंच, आणि ते खरंच आहे, फक्त ते नाटकाचं शूटिंग होतं असं म्हणून त्याला पहिल्या नंबरावर धरत नाहीत. हा वाद इथे नको, संपणार नाही.)

तर शंभरीचा सिनेमा. पण गंमत म्हणजे त्यात फाळके नाहीत, जुन्या सिनेमांच्या क्लिपांची माळ नाही, कुणाची भाषणं नाहीत. माझं मत विचाराल तर हा सिनेमा सिनेमावाल्यांचा नाहीच, तो बघणाऱ्यांचा आहे. तिकीट काढून बसणारे, गाणी गुणगुणणारे, बंगल्याबाहेर उभे राहणारे, रस्त्यावर शूटिंग दिसलं की थांबणारे, तेच यात हिरो आहेत. जिथे हे धरून ठेवलंय तिथे सिनेमा भारी झालाय आणि जिथे सोडलंय तिथे लगेच कळतं.

चारही गोष्टी थोडक्यात सांगा ना, स्पॉयलर न देता.

‘अजीब दास्तान है ये’ (करण जोहर): गायत्री आणि देव, शहरातलं सेटल जोडपं, ती मासिकात एडिटर, तो टीव्हीवर दिसणारा राजकारणाचा जाणकार. तिच्या ऑफिसात अविनाश नावाचा इंटर्न येतो जो आपण गे आहोत हे लपवत नाही, आणि मग या तिघांचं जे होतं ते. राणी मुखर्जी, रणदीप हुडा, साकिब सलीम.

‘स्टार’ (दिबाकर): चाळीत राहणारा, धंद्यात आपटलेला एक मराठी माणूस, पुरंदर, नोकरी शोधायला बाहेर पडतो आणि शूटिंगमध्ये अडकतो. नवाझुद्दीन सिद्दीकी.

‘शीला की जवानी’ (झोया): एका लहान पोराला डान्सर व्हायचंय, बापाला त्याचा फुटबॉलपटू करायचाय. नमन जैन, रणवीर शौरी, आणि कॅटरिना कैफ स्वतः कॅटरिना म्हणून.

‘मुरब्बा’ (अनुराग): अलाहाबादचा विजय आजारी वडिलांच्या इच्छेखातर घरचा मुरब्बा घेऊन मुंबईला येतो, अर्धा अमिताभ बच्चनने खायचा आणि उरलेला अर्धा परत वडिलांसाठी न्यायचा. विनीत कुमार सिंग, सुधीर पांडे, आणि हो, खुद्द बच्चन.

या चार शॉर्ट फिल्म्स नुसत्या एकापुढे एक चिकटवल्यात का? एकाची पात्रं दुसऱ्यात येतात का?

नाही येत. एक संपली की दुसरी सुरू, मधे कुणी सूत्रधार नाही, शेवटी सगळे एका चौकात भेटतात असलंही काही नाही. ज्यांना ती ‘सगळं कसं जुळून आलं’ वाली मजा हवी असते त्यांची थोडी निराशा होते. सगळं मिळून दोन तासांच्या थोडं वर, म्हणजे एकेकाला साधारण अर्धा तास.

आणि हा अर्धा तास चारही जणांना मानवलाय असं नाही. दिबाकरला अगदी फिट बसलाय. झोयाची गोष्ट जरा लवकर संपते. करणची गोष्ट खरं तर पूर्ण सिनेमाची आहे, त्यामुळे शेवटाकडे घाई जाणवते. आणि अनुरागला अर्धा तास पण जास्त झालाय, बंगल्याबाहेरची ती वाट बघणं एका मर्यादेनंतर आपल्यालाही वाट बघायला लावतं.

मग सगळ्यात भारी कुठली? (स्पॉयलर)

‘स्टार’. यावर माझ्याशी वाद घालायचा असेल तर घाला पण मी हलणार नाही.

पुरंदर हा माणूस असा आहे की प्रत्येक चाळीत एक असतो. एकेकाळी नाटकाचं वेड, अंगात कला आहे हे सगळ्यांना माहितीय, पण नोकरी टिकत नाही, धंदा टिकत नाही, बायको बोलत नाही पण तिच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं, आणि लहान मुलगी आजारी, तिला रोज बापाकडून नवी गोष्ट हवी. बापाचा गोष्टींचा स्टॉक आता संपत आलाय. एवढ्या भांडवलावर दिबाकर बॅनर्जी जे करतो ते बघण्यासारखं आहे. नोकरीचं काही जमत नाही, रस्त्यात शूटिंगची गर्दी दिसते, नुसता बघायला थांबतो आणि त्यालाच आत ओढतात, काम काय तर हिरो चालत येणार आणि याने त्याला धडकायचं. बस. हिरो म्हणजे रणबीर कपूर आणि तो आपल्याला धड दिसतही नाही, कारण कॅमेरा इथे कायम चुकीच्या माणसाकडे बघतोय, म्हणजेच बरोबर माणसाकडे.

त्या धडकण्यासाठी हा माणूस कोपऱ्यात जाऊन तालीम करतो. कसं चालायचं, कुठून यायचं, आपण कोण, कुठे निघालोय, डोक्यात काय चाललंय. स्क्रीनवर दोन सेकंद दिसणाऱ्या माणसाला एवढं सगळं कशाला लागतं हा प्रश्न युनिटमधल्या कुणालाही पडेल, पुरंदरला पडत नाही. नवाझुद्दीनने स्वतः कितीतरी वर्षं असेच एकेका सीनचे रोल केलेत, ‘सरफरोश’ मध्ये बघा, ‘मुन्नाभाई’ मध्ये पाकीटमार म्हणून मार खाताना बघा, त्यामुळे इथे तो अभिनय करतोय की आठवतोय हे सांगता येत नाही.

आणि मग तो शेवट. पुरंदर घरी येतो आणि मुलीला आजचा दिवस करून दाखवतो. आपल्याला त्याचा एक शब्द ऐकू येत नाही, फक्त हातवारे, चेहरा, वाकणं, धडकणं, पोरीचे मोठे झालेले डोळे, आणि मागे संगीत. मूकपट! शंभर वर्षांपूर्वी सिनेमा असाच होता ना, आवाजाशिवाय, फाळक्यांचाही. कुठे ‘आदरांजली’ असं पाटीवर न लिहिता दिलेली एवढी साधी आदरांजली मी दुसरी बघितली नाही.

त्या घरात तो मोठा पक्षी काय करतो? शहामृग आहे का?

इमू. शहामृगाचा ऑस्ट्रेलियातला नातेवाईक म्हणा. लक्षात असेल तर तेव्हाच्या दोन-चार वर्षांत इमू पालनाचं खूळ आपल्याकडे पण आलं होतं, तेल विकलं जातं, मांस विकलं जातं, अंडी विकली जातात, जोडी घ्या आणि श्रीमंत व्हा, आणि मग घेणारं कुणीच नाही म्हटल्यावर शेतकऱ्यांच्या गळ्यात ते पक्षी पडले, त्यांना खायला घालणं पण परवडेना. पुरंदरचा धंदा बुडाला तो हाच. बाकीच्या भारतातल्या प्रेक्षकाला तो पक्षी म्हणजे काहीतरी आर्टी प्रतीक वाटला, मी रिव्ह्यू वाचलेत तसे, पण आपल्या माणसाला तो पक्षी चाळीच्या खोलीत फिरताना दिसला की हसू आणि कळ एकदमच येते. दिबाकर दिल्लीचा बंगाली, त्याला हे कुठून सुचलं देव जाणे, पण जागा अचूक पकडलीय.

‘स्टार’ सत्यजित राय यांच्या गोष्टीवर आहे म्हणतात, खरंय?

खरंय. ‘पटोल बाबू, फिल्म स्टार’ नावाची त्यांची कथा. मूळ कथेत कलकत्त्यातला मध्यमवयीन, टक्कल पडायला आलेला, साधा माणूस आहे, त्यालाही असंच हिरोला धडकायचं काम मिळतं आणि डायलॉग म्हणून एकच उद्गार. त्याला त्याचे जुने नाट्यगुरू गगन पाकडाशी आठवतात, ज्यांनी शिकवलेलं असतं की कुठलंही काम लहान नसतं. काम उत्तम करतो आणि पैसे द्यायला माणूस येईपर्यंत हा निघून गेलेला असतो. कथा छोटी आहे, नक्की वाचा, इंग्रजी अनुवाद अनेक शाळांच्या पुस्तकात पण होता त्यामुळे काहींनी परीक्षेसाठी वाचून विसरलेली पण असेल.

दिबाकरने ती मुंबईत आणली, मराठी घरात आणली, आणि मुलीचा धागा जोडला. मला तो धागा जोडल्यामुळे गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटते. बंगाली मित्रांना हे सांगू नका.

कचऱ्याच्या पेटीतून बाहेर येतो तो माणूस कोण? चेहरा ओळखीचा वाटतो.

अहो सदाशिव अमरापूरकर! नगरचे. ‘अर्धसत्य’ मधला रामा शेट्टी, ‘सडक’ मधली महारानी, दोन्हीला फिल्मफेअर. मूळ कथेतल्या गुरूची जागा इथे त्यांनी घेतलीय, पण राय यांच्याकडे गुरू नुसते आठवणीत येतात आणि इथे ते चक्क कचराकुंडीतून उगवतात आणि पुरंदरला चार शब्द सुनावतात, आपल्या जुन्या नाटकवाल्याच्या त्या खास खवचट आणि तरीही मायेच्या सुरात. सीन छोटा आहे. त्यांच्या शेवटच्या कामांपैकी हे एक, ३ नोव्हेंबर २०१४ ला ते गेले. हिंदीने या माणसाला वर्षानुवर्षं व्हिलन नाहीतर कॉमेडी एवढंच दिलं, आणि जाता जाता दहा मिनिटांपेक्षा कमी वेळात दिबाकरने त्यांच्यातला रंगभूमीवाला बाहेर काढला, याचं फार बरं वाटतं.

करण जोहरच्या भागाची एवढी चर्चा का झाली? त्यात सिनेमा कुठाय?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: फारसा नाहीच. देवला जुन्या हिंदी गाण्यांचं वेड आहे आणि स्टेशनच्या पुलावर एक लहान मुलगी ‘लग जा गले’ गाते, एवढाच काय तो दुवा. शीर्षक पण गाण्यातूनच, ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०), शंकर जयकिशनचं संगीत. दोन्ही गाणी लताबाईंची. म्हणजे सिनेमा इथे पडद्यावरून उतरून कानात गेलाय असं म्हणू शकतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात तो तसाच असतो की, थिएटरपेक्षा रेडिओ आणि स्वयंपाकघरातून जास्त आलेला.

चर्चा झाली ती अर्थात त्या चुंबनामुळे. ज्या माणसाचे सिनेमे म्हणजे लंडन, शिफॉन, करवा चौथ, त्याने मुंबईच्या लोकलच्या पुलावर येऊन दोन पुरुषांची गोष्ट सांगितली, तीही विनोद न करता, हे तेव्हा धक्कादायकच होतं. एक लक्षात घ्या, २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं म्हटलं होतं, हा सिनेमा मे २०१३ मध्ये आला, आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, मग थेट ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत ते तसंच. म्हणजे त्या मधल्या छोट्याशा खिडकीत ही फिल्म येऊन गेली. सहा-सात महिने उशीर झाला असता तर हाच भाग याच रूपात आला असता का, मला शंका आहे.

आणि राणी मुखर्जी. सगळे त्या दोघांबद्दल बोलतात पण माझ्या मते गोष्ट गायत्रीची आहे. जिला कित्येक वर्षं वाटत आलं की आपल्यातच काहीतरी कमी आहे म्हणून नवरा जवळ येत नाही, तिला खरं कळल्यावर जे वाटतं त्यात संताप आहेच पण एक प्रकारची सुटका पण आहे, आणि राणीने ती आरशासमोर जवळजवळ न बोलता दाखवलीय.

शीला की जवानी लहान मुलांसोबत बघता येईल का? नाव ऐकून भीती वाटते.

बिनधास्त. नावावर जाऊ नका, ते ‘तीस मार खाँ’ (२०१०) मधल्या गाण्याचं नाव आहे आणि गोष्टीत त्या गाण्यावर एक पोरगं मनापासून नाचतं. बहिणीचे कपडे घालून नाचताना बाप पकडतो तो प्रसंग आहे, मुलं प्रश्न विचारतील, विचारू देत. पण पूर्ण सिनेमा लहानांसोबत लावू नका, पहिला भाग मोठ्यांचाच आहे.

या गोष्टीतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे बाप दुष्ट नाही. रणवीर शौरीचा बाप म्हणजे आपल्या सोसायटीतला कुठलाही बाप, पोराला फुटबॉलला घालतो, बूट आणतो, फी भरतो, आणि मग मुलीच्या शाळेची ट्रिप निघाली की पैसे नाहीत म्हणतो. मुलाच्या न आवडणाऱ्या खेळाला पैसे आहेत, मुलीच्या आवडीच्या ट्रिपला नाहीत. झोया हे भाषण न देता सांगते, जेवणाच्या टेबलावर दोन वाक्यात. पुढे तो पोरगा आणि बहीण मिळून जे करतात ते जरा गोडच आहे, पण चालतं. आणि टीव्हीवरची कॅटरिना त्याला जे सांगते ते ऐका नीट: स्वप्नाच्या मागे जा, पण कधी कधी ते लपवून ठेवावं लागतं. ‘बेटा, सगळ्यांना ओरडून सांग’ असं म्हणत नाही, हे मला फार खरं वाटलं.

मुरब्बाचा शेवट मला कळलाच नाही. (स्पॉयलर)

स्पॉयलर आहे, परत सांगतो.

विजय कसाबसा बच्चनपर्यंत पोचतो, बच्चन अर्धा मुरब्बा खातो, पोरगा उड्या मारत परतीच्या गाडीत बसतो आणि गाडीत सगळ्यांना स्टोरी सांगताना बरणी फुटते, उरलेला अर्धा तुकडा पायाखाली जातो. आता वडिलांना काय देणार? तो दुसरा मुरब्बा पुढे करतो, पण बापाला ते कळतं, कारण बाप स्वतः तरुणपणी अशाच वाटेने गेलेला असतो, त्याच्या वेळी दैवत दिलीप कुमार होता आणि बरणीत मध. म्हणजे या घरात स्टारला काहीतरी खायला घालून त्याचा उरलेला प्रसाद घरी आणायची परंपरा आहे आणि त्या प्रसादात थोडी भेसळ असायची पण परंपरा आहे असं समजा. श्रद्धा खरी, वस्तू खोटी. आणि मला वाटतं हीच सिनेमाची पण व्याख्या झाली, पण अनुराग ते बोलून दाखवत नाही, चांगलं केलं.

गाव अलाहाबादच का, तर बच्चन तिथलाच, १९८४ ची निवडणूक पण तिथूनच जिंकला. तिथल्या लोकांसाठी तो ‘आपला पोरगा’, मुंबईच्या गेटवरच्या वॉचमनसाठी विजय हा रोजच्या गर्दीतला आणखी एक. त्या दोन शहरांमधलं अंतर हीच खरी गोष्ट आहे. आणि मुलाचं नाव विजय, बच्चनच्या सिनेमातलं नेहमीचं, बापानेच ठेवलेलं असणार.

चारही दिग्दर्शकांना काही कॉमन विषय दिला होता का?

विषय सिनेमा, एवढंच. पण बघताना एक गोष्ट दिसते जी पोस्टरवर कुठेच नाही: चारही गोष्टींत बाप आहे. पहिल्या गोष्टीची सुरुवातच अविनाश बापाच्या घरी घुसून त्याला तोंडावर खरं सांगतो तिथून होते. दुसरीत पुरंदर स्वतः बाप. तिसरीत बाप आडवा आलेला. चौथीत बापाची इच्छा. आई आहे सगळीकडे पण कडेला. हे ठरवून केलं नसणार, पण शंभर वर्षांच्या हिंदी सिनेमाला ‘मां’ चं एवढं वेड असताना या चौघांनी वेगवेगळं लिहायला बसून बापच लिहिला, याची गंमत वाटते. ज्यांनी बघितलाय त्यांनी या नजरेने परत बघा, वेगळाच सिनेमा दिसेल.

शेवटचं गाणं बघायलाच पाहिजे का?

नाही. उठा आणि चहा टाका.

सिरीयसली, ‘अपना बॉम्बे टॉकीज’ या गाण्यात आमिर, शाहरुख, माधुरी, श्रीदेवी पासून तेव्हाचे सगळे येऊन हात हलवून जातात, आणि दोन तास जो सिनेमा साध्या माणसाबद्दल होता तो शेवटच्या पाच मिनिटांत परत स्टार लोकांच्या ताब्यात जातो. शंभरीचं फंक्शन आहे, केक कापायलाच हवा, समजू शकतो. पण पुरंदर आणि विजय नंतर हे बघवत नाही.

बाकी गाणी छान आहेत. अमित त्रिवेदीचं संगीत आणि शब्द आपल्या इंदूरच्या स्वानंद किरकिरेचे. सुखविंदरचं ‘बच्चन’ ऐका, बच्चनच्या नावावर एवढी एनर्जी बच्चनच्या गाण्यांत पण क्वचितच असेल.

चालला का हो? की नुसतं कौतुक?

कौतुकच जास्त. त्याच शुक्रवारी ‘शूटआउट अॅट वडाला’ लागला होता, पब्लिक तिकडे गेलं. याचं बजेटही लहान होतं, त्यामुळे कुणाचं घर बुडालं असं काही नाही. त्या वर्षी कान फेस्टिवलमध्ये भारत पाहुणा देश होता, त्यामुळे तिथे याचा खास शो झाला. पण खरे प्रेक्षक याला नंतर घरी मिळाले, टीव्हीवर आणि लॅपटॉपवर, तुकड्यातुकड्याने.

आता बघायचा असेल तर ओटीटीचे हक्क इकडून तिकडे जात असतात, नाव टाकून शोधा, आणि खाली वर्ष २०१३ आहे ना ते बघा.

‘लस्ट स्टोरीज’ याचाच पुढचा भाग आहे का?

गोष्टीने नाही, माणसांनी आहे. हेच चौघं परत एकत्र आले २०१८ मध्ये नेटफ्लिक्ससाठी ‘लस्ट स्टोरीज’ करायला, आणि मग १ जानेवारी २०२० ला ‘घोस्ट स्टोरीज’. पहिल्यात आपली पुण्याची राधिका आपटे आणि ‘सैराट’ चा आकाश ठोसर एकत्र आहेत, राधिकाला त्यासाठी इंटरनॅशनल एमीचं नॉमिनेशन पण मिळालं. त्यात झोयाचा भाग बघाच, भूमी पेडणेकर मोलकरीण झालीय, जवळजवळ संवादच नाहीत, फरशी पुसणं आणि चहा ठेवणं यातून सगळी गोष्ट. ‘घोस्ट स्टोरीज’ मात्र मला दिबाकरचा भाग सोडून झेपला नाही, भुतापेक्षा झोपच जास्त आली.

२०२३ चा ‘लस्ट स्टोरीज २’ वेगळ्याच चार दिग्दर्शकांचा. त्यातला कोंकणा सेन शर्माचा भाग, अमृता सुभाष आणि तिलोत्तमा शोमवाला, एवढ्यासाठी तरी लावा.

आणि २०२१ चा ‘अजीब दास्तान्स’ म्हणजे करणच्या त्या भागाचा मोठा अवतार नाही. नाव सारखं, बाकी काही नाही. तो वेगळा चार गोष्टींचा सिनेमा आहे, त्यात नीरज घायवानचा ‘गीली पुच्ची’ आहे, फॅक्टरीत काम करणाऱ्या दोन बायकांचा, जात आणि प्रेम दोन्ही एका टेबलावर मांडणारा. तो एकटा बघितला तरी पैसे वसूल.

हे चार गोष्टींचं प्रकरण हिंदीत नवीन होतं का?

अजिबात नाही. हृषिकेश मुखर्जींचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच सिनेमा, ‘मुसाफिर’ (१९५७), असाच आहे: एक भाड्याचं घर, त्यात एकापाठोपाठ एक राहायला येणारी तीन बिऱ्हाडं, तीन गोष्टी. मग फार काळ कुणी हात लावला नाही. २००३ ला राम गोपाल वर्माच्या कंपनीतून ‘डरना मना है’ आला, सहा गोष्टी. २००७ ला ‘दस कहानियां’, नावातच आकडा, दहापैकी तीन-चार लक्षात राहतात. २०१० ला ओनीरचा ‘आय अॅम’, आणि त्याच वर्षी दिबाकरचा स्वतःचा ‘लव्ह सेक्स और धोखा’, ज्यात तीन गोष्टी एकमेकींना हळूच धक्का देऊन जातात. तेव्हा ‘बॉम्बे टॉकीज’ पहिला नाही. पण चार मोठी नावं, चार पूर्ण वेगळ्या स्टाइली, आणि एकच तिकीट, हा फॉर्म्युला याच्यानंतर रुळला आणि ओटीटीवाल्यांनी तर तो पार उसासारखा पिळून घेतला.

मराठीत असं काही आहे का?

आहे, आणि बऱ्याच जणांनी बघितलेला नसतो. ‘बायोस्कोप’ (२०१५). रवी जाधव, गजेंद्र अहिरे, विजू माने, गिरीश मोहिते, चौघांच्या चार फिल्म्स, प्रत्येक फिल्म एकेका कवितेवरून. त्यातली रवी जाधवची ‘मित्रा’ कवितेसोबत विजय तेंडुलकरांच्या कथेवरही बेतलेली, स्वातंत्र्याच्या सुमाराच्या काळातली कॉलेजची मुलगी जिचं दुसऱ्या मुलीवर प्रेम बसतं, वीणा जामकर आणि मृण्मयी देशपांडे, बहुतेक सगळी कृष्णधवल. शॉर्ट फिल्मचं राष्ट्रीय पारितोषिक आहे तिला. करण जोहरचा भाग आवडला असेल तर लगेच त्यानंतर ही लावा.